मोटारगाडीची मूळ बॉडी : अभिजात गाड्यांच्या पत्र्यांची ओळख

मोटारगाडी कारखान्यातून बाहेर पडताना तिच्यावर असलेले पत्रे व त्यांचे जोड टिकून आहेत की नंतर बदललेले आहेत, हे ठरविण्यास मूळ बॉडीची ओळख असे म्हणतात. एंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहता येतो. पत्र्यावर मात्र बहुधा अशी नोंद नसते. शिवाय अपघात व गंज यांचा पहिला आघात पत्र्यावरच होतो. त्यामुळे जुन्या, विशेषतः थोड्या संख्येने बनलेल्या स्पोर्ट्‌स गाडीची पारख करताना बॉडी हाच सर्वांत वादाचा भाग ठरतो.

प्रारंभी सांगाडा एका कारखान्यात तयार होई व त्यावर लाकडी चौकटीची, हाताने ठोकलेल्या पत्र्याची बॉडी दुसरे कारागीर चढवीत. सांगाडा व बॉडी यांचा इतिहास असा वेगवेगळा असू शकतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयातील रोल्स-रॉइस चिलखती गाडी हे याचे बोलके उदाहरण आहे : सांगाडा ‘सिल्व्हर घोस्ट’ या आलिशान गाडीचा, तर वरचे आवरण युद्धासाठीचे. पुढे दाबयंत्रातून काढलेले पोलादी पत्रे ठिपका वितळजोडाने सांधण्याची पद्धत रूढ झाली आणि सांगाडा व बॉडी एकसंध झाल्या.

स्पोर्ट्‌स गाड्यांत हे संक्रमण स्पष्ट दिसते. १९४८ साली प्रदर्शित झालेल्या जॅग्वार एक्सके १२० या गाडीच्या पहिल्या सुमारे २४० नगांची बॉडी लाकडी चौकटीवर ॲल्युमिनियमचे पत्रे बसवून केलेली होती; १९५० पासून ती प्रामुख्याने पोलादी झाली, तरी दारे, बॉनेट व डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचेच राहिले. एमजीए (१९५५) या गाडीतही पोलादी बॉडीला हे भाग ॲल्युमिनियमचे होते. जॅग्वार ई-टाइपच्या (१९६१) पहिल्या सुमारे ५०० नगांवर बॉनेटच्या कड्या बाहेरून होत्या आणि १९६२ च्या आरंभापर्यंत तिचा तळ सपाट होता. अशा बारीक फरकांवरून गाडीचा काळ ठरतो व तिच्यावर दुसऱ्या वर्षीचा भाग बसविलेला असल्यास तोही उघड होतो.

परीक्षणाची साधने साधी आहेत. लोहचुंबक पोलादाला चिकटतो, ॲल्युमिनियमला नाही. पोलादी पत्र्यावर त्याची पकड एखाद्या जागी ढिली पडल्यास तेथे पुट्टीचा जाड थर असण्याचा संभव असतो. गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी स्पोर्ट्‌स गाडीची बॉडी तंतुकाचेची असल्यामुळे तिला ही कसोटी लागू पडत नाही. कारखान्यातील ठिपका जोडांच्या ओळी नियमित अंतराने पडलेल्या असतात. दुरुस्तीतील जोड सलग किंवा वेडेवाकडे दिसतात. पत्र्याची आतली बाजू, दुमडलेल्या कडा, बिजागरीमागील जागा व गालिच्याखालील तळ येथे मूळ रंगाचा अंश सापडतो. तथापि कोणतीही एक खूण निर्णायक नसते. १९८८ पासून ब्रिटनमध्ये एमजीबी गाडीच्या संपूर्ण बॉड्या मूळ साच्यांचा उपयोग करून पुन्हा बनू लागल्या; त्यांचा आकार मूळचाच, परंतु वय वेगळे.

महाराष्ट्रात या अभ्यासाचे मुख्य क्षेत्र स्पोर्ट्‌स गाडी नसून मुंबईची फियाट हे होय. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथील कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर काढली. गोलसर ठेवणीमुळे ‘डुक्कर फियाट’ हे नाव पडलेल्या या आरंभीच्या गाडीच्या पुढील दारांच्या बिजागऱ्या मागील कडेस होत्या. १९६४ मधील ‘डिलाइट’ या प्रकारात मागील बाजूस लहान पंखासारख्या कडा आल्या व पुढील दारांच्या बिजागऱ्या पुढे होत्या. १९७४ पासून हीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून विकली गेली. इतकी वर्षे एकच ठेवण टिकल्याने डिलाइटला पद्मिनीची दारे वा मडगार्ड बसविणे सोपे झाले. मुंबईपासून शेवगावसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत दुरुस्तीचा हेतू गाडी चालू ठेवणे हा होता, तिचे मूळपण जपणे हा नव्हे.

मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर हा प्रकार रस्त्यावरून गेला. सर्वत्र दिसणारी वस्तू जपण्याची निकड कोणास वाटत नाही. ती दुर्मिळ झाली की तुलनेसाठी मूळ नमुनाच हाती राहत नाही. न बदललेली, रंग उडालेली, गंजलेली गाडीही म्हणून चकचकीत केलेल्या गाडीपेक्षा अधिक विश्वसनीय पुरावा ठरते. जीर्णोद्धारापूर्वी प्रत्येक जोडाची छायाचित्रे घेणे व काढलेला पत्रा मोडीत न घालता जपून ठेवणे हे यासाठी आवश्यक आहे.