कॅथलिक धर्मग्राम व रविवारचे शास्त्रवाचन, महाराष्ट्रातील

कॅथलिक ख्रिस्ती समाजाच्या स्थानिक घटकास ‘धर्मग्राम’ अशी संज्ञा मराठीत रूढ आहे. बिशपच्या अधिकाराखालील धर्मप्रांताचे असे अनेक धर्मग्राम असतात व प्रत्येक धर्मग्राम एका प्रमुख धर्मगुरूकडे सोपविलेला असतो. १९८३ च्या चर्च-कायदासंहितेने धर्मग्रामाची व्याख्या भूभागावरून न करता श्रद्धावंतांच्या स्थिर समुदायावरून केली आहे. या समुदायाचा केंद्रबिंदू म्हणजे रविवारची मिस्सा. तीत बायबलमधील नेमलेल्या उताऱ्यांचे वाचन, त्यांवरील प्रवचन आणि ख्रिस्तप्रसादाचा विधी यांचा क्रमाने समावेश होतो. महाराष्ट्रातील कॅथलिकांच्या इतिहासात या वाचनाची भाषा कोणती असावी व ते कोणास कळावे, हा प्रश्न सुमारे चारशे वर्षे निरनिराळ्या स्वरूपांत पुढे आलेला दिसतो.

पूर्वपीठिका : रविवारी एकत्र येऊन शास्त्रवाचन करण्याची प्रथा ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळाइतकी जुनी आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन याने लिहिलेल्या समर्थनपर ग्रंथात प्रेषितांच्या आठवणी अथवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जातात आणि नंतर सभेचा प्रमुख त्यांस अनुसरून उपदेश करतो, असे वर्णन आढळते. यहुदी सभास्थानातील वाचनपरंपरेशी या पद्धतीचे नाते उघड आहे. मध्ययुगात पश्चिम यूरोपातील लोकांच्या बोलीभाषा लॅटिनपासून दूर गेल्या. उपासनेची भाषा मात्र लॅटिनच राहिली. परिणामी सामान्य भाविकाचा शास्त्रवचनांशी प्रत्यक्ष संबंध कमी होत गेला. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने (१५४५–६३) लॅटिन कायम ठेवली. तथापि धर्मग्रामाच्या धर्मगुरूने रविवारी व सणाच्या दिवशी लोकांस उपदेश केलाच पाहिजे, असा दंडकही घालून दिला. पोर्तुगीज अमलाखालील वसई व गोवे येथे कॅथलिक धर्माची घडण झाली ती याच परिषदेच्या प्रभावकाळात.

वसई व गोवे : १५३४ च्या तहाने वसई गुजरातच्या बहादुरशाहाकडून पोर्तुगिजांकडे आली. फ्रान्सिस्कन, जेझुइट इ. संघांच्या धर्मगुरूंनी तेथे धर्मग्राम स्थापन केले. जपानमध्ये १५९७ साली हौतात्म्य पत्करलेला व १८६२ मध्ये संतपद लाभलेला गोन्सालो गार्सिया हा मूळचा वसईचाच. मिस्सा लॅटिनमध्ये होत असल्याने शास्त्रातील कथा लोकांपर्यंत नेण्याचे काम मिस्सेबाहेरच्या वाङ्‌मयाने केले. त्यात अग्रगण्य ठरते ते इंग्रज जेझुइट धर्मगुरू टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) याचे ख्रिस्तपुराण. १६१६ मध्ये राचोल (रायतूर) येथे रोमन लिपीत छापलेल्या या ओवीबद्ध ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या कराराचा आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्राचा विषय येतो. ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार आहे. ज्या श्रोत्यास पूर्वी पुराणश्रवणाची गोडी होती, त्याची ती सवय न मोडता आशय बदलावा, हा ग्रंथामागील हेतू त्याच्या रचनेवरूनच स्पष्ट होतो. एत्येन द ला क्र्वा याचे संत पीटरविषयक पुराण (१६२९) आणि मिगेल द आल्मैदा याचा वनवाळ्यांचो मळो हा कोकणीतील प्रवचनसंग्रह (१६५८–५९) याच परंपरेतील होत.

ही परंपरा अखंड राहिली नाही. १६८४ च्या पोर्तुगीज आज्ञेने गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत देशी भाषेचा त्याग करून पोर्तुगीज स्वीकारावी, असे फर्माविले. लोकांच्या तोंडची भाषा आज्ञेने नष्ट झाली नाही. परंतु देशी भाषांतील धार्मिक ग्रंथांची छपाई खुंटली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने वसई जिंकल्यावर यूरोपीय संघांचे धर्मगुरू निघून गेले. त्यानंतर वसई परिसरातील समाजाने आपला धर्म मुख्यतः गोवेकर व स्थानिक धर्मगुरूंच्या साहाय्याने, तसेच घरोघरच्या जपमाळेने, सणांनी व बोलीभाषेतील गीतांनी टिकविला. येथे शास्त्राचे ज्ञान वाचनापेक्षा श्रवणाने व पठणाने पुढे गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

देशावरील धर्मग्राम : घाटमाथ्यावरील कॅथलिक समाजाचा इतिहास वेगळा आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे मिशनमधील जर्मनभाषी जेझुइटांनी केंदळ, संगमनेर, वळण इ. ठिकाणी कार्य आरंभिले. प्रॉटेस्टंट मिशने येथे आधीपासून होती. कॅथलिक समाजात आलेले बहुसंख्य लोक दलित जातींतील, भूमिहीन व निरक्षर होते. त्यांच्यापर्यंत शास्त्रवचन पोहोचविणारा प्रमुख दुवा म्हणजे गावोगावचा धर्मशिक्षक. लोक त्यास ‘मास्तर’ म्हणत. तो मुलांची शाळा चालवी, सायंकाळी प्रार्थना घेई, आजाऱ्यांना भेटे आणि धर्मगुरू येऊ न शकलेल्या रविवारी लोकांस एकत्र करून धर्मोपदेश करी. घोड्यावरून अथवा बैलगाडीने फिरणाऱ्या धर्मगुरूच्या वाट्यास अनेक गावे येत; त्यामुळे व्यवहारात मास्तर हाच त्या वस्तीतील धर्मग्रामाचा आधार होता.

१९०३ मध्ये हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटाने केंदळ येथून निरोप्या हे मराठी मासिक सुरू केले. डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. शंभराहून अधिक वर्षांची परंपरा असलेल्या या नियतकालिकाने देशावरच्या विखुरलेल्या कुटुंबांस एकमेकांशी व धर्मग्रामाशी जोडले. वसईत हेच काम सुवार्ता या मासिकाने केले. फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी १९८३ ते २००७ या काळात त्याचे संपादन करून त्यास धार्मिक वर्तुळाबाहेरचा वाचकवर्ग मिळवून दिला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचे परिवर्तन : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक संहितेत तीन गोष्टी निर्णायक होत्या : लोकभाषेस मुभा, बायबलचे भांडार भाविकांस अधिक उदारपणे खुले करण्याचा संकल्प आणि प्रवचन हा उपासनेचाच भाग असल्याची घोषणा. पूर्वी रविवारी पत्र व शुभवर्तमान असे दोनच उतारे वाचले जात. ते दरवर्षी तेच असत आणि जुना करार रविवारी जवळजवळ ऐकूच येत नसे. २५ मे १९६९ रोजी जाहीर झालेल्या वाचनक्रमाने ही स्थिती पालटली. त्यानुसार रविवारी तीन वाचने व प्रतिसाद स्तोत्र असते आणि संपूर्ण क्रम तीन वर्षांचा असतो. ‘अ’ वर्षात मत्तय, ‘ब’ वर्षात मार्क व ‘क’ वर्षात लूक यांचे शुभवर्तमान येते. योहानाचे शुभवर्तमान मुख्यतः प्रायश्चित्तकाळात व पुनरुत्थानकाळात वाचतात. शिवाय मार्कचे शुभवर्तमान आटोपशीर असल्याने ‘ब’ वर्षातील पाच रविवार योहानाच्या सहाव्या अध्यायास दिलेले आहेत. पहिले वाचन सामान्यतः जुन्या करारातील असून ते शुभवर्तमानाशी आशयाने जुळणारे निवडलेले असते. पुनरुत्थानकाळात त्याऐवजी प्रेषितांची कृत्ये वाचली जातात. ज्या इसवी सनास तीनने निःशेष भाग जातो, ते ‘क’ वर्ष असते. मात्र उपासनावर्षाचा आरंभ आधीच्या वर्षातील आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी होतो.

भारतात या परिवर्तनास १९६७ मध्ये बंगलोर येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय केंद्राने व त्याचे संस्थापक डी. एस. अमलोरपवदास यांनी दिशा दिली. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय उपासनेसाठी बारा अनुकूलने मान्य केली. पादत्राणे काढून बसणे, अंजलिबद्ध नमस्कार, आरती, समईसारखे तेलाचे दिवे इ. गोष्टींचा त्यांत अंतर्भाव होता. शास्त्रग्रंथास पुष्पे वाहून वंदन करण्याची पद्धत मराठी श्रोत्यास परकी वाटली नाही, कारण ग्रंथपूजेचा संस्कार येथे पूर्वीपासून होता. तथापि ही हिंदू उपासनेची नक्कल आहे, असा आक्षेप काही कॅथलिकांनी घेतला. जातीच्या जाचातून बाहेर पडण्यासाठी धर्मांतर केलेल्या कुटुंबांना उच्चवर्णीय पूजाविधीची चिन्हे आपलीशी वाटतीलच असे नाही, हा दलित ख्रिस्ती विचारवंतांचा आक्षेप अधिक मूलगामी होता.

मराठी वाचनाची भाषा : मराठी बायबलची परंपरा प्रॉटेस्टंटांनी घडविली. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर (बंगाल) येथील छापखान्यातून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत प्रसिद्ध झाले. पुढे पंडिता रमाबाई यांनी केलेला संपूर्ण बायबलचा अनुवाद प्रसिद्ध झाला. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या अभंगांनी व भजनांनी तर संप्रदायभेद ओलांडला. कॅथलिक धर्मग्रामांना लॅटिनमधून मराठीकडे वळताना या सिद्ध भाषेचा आधार मिळाला. दिब्रिटो यांचे सुबोध बायबल (२०१०) हा वाचनास सुलभ अशा गद्याचा प्रयत्न होता. दिब्रिटो यांची २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली होती; हा मान मिळविणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू होत.

‘लोकभाषा’ म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न मात्र यामुळे संपला नाही. वसईतील सामवेदी वा वाडवळी बोलणाऱ्या वृद्धेस, संगमनेरकडील शेतमजुरास आणि शहरात इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलास प्रमाण मराठीतील एकच उतारा सारखाच पोहोचत नाही. शहरी धर्मग्रामांत इंग्रजी, कोकणी, तमिळ व मलयाळम् भाषांतील मिस्सांची सोय करावी लागते. तेव्हा शास्त्राचा अनुवाद ग्रंथात एकदा होतो. प्रवचनात तो दर रविवारी नव्याने करावा लागतो.

नासिक परिसर : पुणे धर्मप्रांतातून १५ मे १९८७ रोजी नासिक धर्मप्रांत वेगळा करण्यात आला व टॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप झाले. अहमदनगर जिल्ह्यातील जुने ग्रामीण धर्मग्राम आणि नासिक, नासिक रोड येथील नागरी वस्ती असे त्याचे मिश्र स्वरूप आहे. नासिक रोडच्या बाल येशू मंदिराची फेब्रुवारीतील यात्रा व हरेगावची सप्टेंबरातील मतमाउलीची यात्रा यांस इतर धर्मांचे लोकही मोठ्या संख्येने येतात. यात्रेची गर्दी व रविवारच्या वाचनाची शांत शिस्त या धर्मजीवनाच्या दोन बाजू होत.

निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत हे मुंबई–आग्रा महामार्गावरील द्राक्ष व कांदा यांच्या बाजारपेठेचे गाव. त्याच्या परिसरातील शेतीचे वर्ष व उपासनावर्ष यांची सांगड विचार करण्याजोगी आहे. द्राक्षवेलीची खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास होते. ‘ब’ वर्षात पुनरुत्थानकाळाच्या पाचव्या रविवारी, म्हणजे १९ एप्रिल ते २३ मे या दरम्यान, योहानाच्या शुभवर्तमानातील द्राक्षवेल व फांद्या यांचा दृष्टांत वाचला जातो. फळ देणारी फांदीही छाटली जाते, ही गोष्ट यूरोपातील शहरी श्रोत्यास समजावून सांगावी लागते. निफाडच्या बागाइतदारास ती ठाऊकच असते. ‘अ’ वर्षात सामान्यकाळाच्या पंचविसाव्या ते सत्ताविसाव्या रविवारी, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, मत्तयाचे तीन द्राक्षमळ्याचे दृष्टांत लागोपाठ येतात. ऑक्टोबर छाटणीचा हंगामही हाच.

यांपैकी पहिला दृष्टांत मजुरांचा आहे. पहाटे, दुपारी व दिवस मावळताना कामावर घेतलेल्या सर्वांना मालक एकच दिनार देतो. पोप पहिला ग्रेगरी (कार. ५९०–६०४) याने या प्रहरांचा अर्थ जगाच्या इतिहासातील युगे व माणसाच्या आयुष्यातील अवस्था असा लावला होता. द्राक्षपट्ट्यात मात्र तोच उतारा निराळ्या कानांनी ऐकला जातो. सुरगाणा, पेठ या डोंगराळ तालुक्यांतून छाटणीसाठी टोळ्या येतात, आणि काम न मिळालेला मजूर दिवसभर नाक्यावर उभा राहतो तो आळसामुळे नव्हे, तर कोणी बोलावले नाही म्हणून. दिनार हे त्या काळी एका मजुराचे दिवसभराचे वेतन होते. त्यामुळे कामाचे तास कमी भरले, तरी घरच्यांची भूक कमी होत नाही, हा अर्थ त्यात अनुस्यूत आहे. मालक व मजूर एकाच बाकावर बसलेले असता प्रवचनकाराने हा उतारा केवळ देवाच्या कृपेविषयी आहे असे सांगून थांबावे, की रोजंदारीचाही उल्लेख करावा, हा त्याच्यापुढील खरा पेच असतो. दृष्टांतास वेतनाचे धोरण बनविणे जितके चुकीचे, तितकेच त्यातील मजुरांस रूपक करून अदृश्य करणेही चुकीचे होय.

प्रवचन व लोकसहभाग : चालू कायद्यानुसार मिस्सेतील प्रवचनाचा अधिकार दीक्षित सेवकांपुरता मर्यादित आहे; वाचन मात्र सर्वसामान्य भाविक करतात. यामुळे शेकडो स्त्रीपुरुषांना ग्रंथ हाती घेऊन सभेपुढे उभे राहण्याची संधी मिळाली. ज्या समाजात आजी निरक्षर होती, तेथे नातीने यशयाचे वचन मोठ्याने वाचावे, हा बदल केवळ उपासनेपुरता नाही. वाचकपदाची अधिकृत दीक्षा २०२१ च्या आरंभी पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांना खुली केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाच्या सेवेस विधिवत स्थान दिले. गावोगावच्या मास्तरांनी शतकभर जे केले, त्यास ही उशिरा मिळालेली मान्यता म्हणता येईल. २०१९ मध्ये सामान्यकाळाचा तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमण्यात आला.

आठवड्याच्या मध्यास वस्तीतील आठदहा कुटुंबे एका घरी जमून येत्या रविवारचे शुभवर्तमान वाचतात व त्यावर आपापल्या अनुभवांतून बोलतात, ही पद्धत अनेक धर्मग्रामांत आढळते. पीक बुडणे, मुलाची नोकरी, व्यसन, शेजाऱ्याशी तंटा असे विषय तेथे मोकळेपणाने निघतात. चांगला धर्मगुरू हे बोलणे ऐकतो आणि रविवारी ते शास्त्राच्या संगतीत ठेवून परत देतो.

मूल्यमापन : ख्रिस्तपुराणापासून तीन वर्षांच्या वाचनक्रमापर्यंतचा हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. १६१६ मध्ये जी भाषा ग्रंथात प्रतिष्ठित झाली, ती मिस्सेच्या वेदीवर पोहोचण्यास साडेतीनशे वर्षे लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही आणि ख्रिस्ती समाजांतर्गत जातिभेदही पूर्णतः मावळलेला नाही. त्यामुळे रविवारी वाचल्या जाणाऱ्या समतेच्या वचनांची कसोटी मंदिराबाहेर लागते. तरीही शास्त्र समजण्याजोग्या भाषेत दर आठवड्यास सर्वांसमक्ष वाचले जाते, ही घटना महत्त्वाची आहे. कारण जे ऐकले व समजले, त्याविषयी श्रोता पुढे प्रश्न विचारू शकतो. न समजलेल्या वचनापुढे त्याला केवळ मान लवविता येते.