दुसरी जोड

आमच्या पवन मावळात उरूस चैत्र-वैशाखात पडतात. परंदवडी घ्या, नाहीतर शेजारचं सोमाटणे घ्या, क्रम ठरलेला. रात्री छबिना, दुसऱ्या दिवशी दुपारी आखाडा. आधी रेवडीवरच्या पोरांच्या कुस्त्या, मग शंभर-दोनशेच्या, दिवस कलताना मोठ्या इनामाची निकाली. तरुणपणी मी या मातीत खेळलो, आता पंच म्हणून उभा राहतो. मोठी जोड झटक्यात सुटली की कडेला वाद पेटतोच: पडला तो नशिबानं, की अंगातच कमी होता?

नशीब नसतंच असं म्हणणाऱ्यानं उरुसाची माती पायाखाली घेतलेली नसते. तालमीतला हौदा रोज फावड्यानं उकरलेला असतो. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ केलेला. उरुसाचा आखाडा म्हणजे आदल्या दिवशी ट्रॅक्टरनं फिरवलेलं वावर. एखाद्या कोपऱ्यात ढेकूळ राहतं, आणि नेमका तिथंच कुणाचा तरी मागचा पाय पडतो. वळवाची सर येऊन गेली असेल तर वरची माती निसरडी आणि खालची घट्ट. शेवटची कुस्ती लागते तेव्हा ऊन आडवं आलेलं असतं; मावळतीकडे तोंड असलेला गडी क्षणभर डोळे बारीक करतो, आणि पट काढायला समोरच्याला तेवढा क्षण पुरतो. त्यातून जोड लागते ती नजरेनं. वजनकाटा नाही. वस्ताद पोराचा हात धरून मैदानात फिरवतात, पंच मांडी-दंड बघून ठरवतात. पाच-सहा किलोचा फरक नजरेतून सहज निसटतो.

जड अंगाच्या पैलवानाला हे सगळं जास्त बाधतं. हलका गडी तोल गेला तरी हवेत वळून पोटावर पडतो. सव्वाशे किलोचा माणूस एकदा कलला की त्याचंच वजन त्याला खाली नेतं. म्हणून मोठ्या गटाचे निकाल असे झटपट लागतात. 2023 च्या जानेवारीत कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षेनं महेंद्र गायकवाडला मिनिटभरात अस्मान दाखवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेखनं झोळी टाकली आणि अर्ध्या मिनिटाच्या आत तोच शिवराज पाठीवर. आता यातलं कुठलं नशीब म्हणायचं? मी तरी एकालाही म्हणणार नाही. झोळी बसायला मान आणि पाय एकाच वेळी हातात यावे लागतात. तो क्षण अवचित येतो हे खरं, पण आलेला क्षण धरायला हाताला वर्षानुवर्षांची सवय लागते.

मुष्टियुद्धात तर एका ठोशाचा खेळ. जो लुई तोवर एकही लढत हरला नव्हता. 19 जून 1936 ला मॅक्स श्मेलिंगनं त्याला बाराव्या फेरीत झोपवलं. जग म्हणालं, लागला तुक्का. पण श्मेलिंगनं लुईच्या लढतींच्या फिल्म बघून ठेवल्या होत्या: डावा ठोसा मारून झाला की लुईचा डावा हात खाली राहतो. त्या उघड्या जागेवर तो उजवा घालत राहिला. दोन वर्षांनी, 22 जून 1938 ला, लुईनं त्याला 124 सेकंदांत संपवलं. चूक दुरुस्त करून आला होता तो. लेनॉक्स लुईस 2001 च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत पाचव्या फेरीत हसीम रहमानकडून पडला. उंचावरची विरळ हवा, आणि हा तिथं पोचलाच उशिरा. नोव्हेंबरात लास व्हेगासला पुन्हा गाठ पडली, चौथ्या फेरीत रहमान आडवा. मात्र ती दुसरी लढत लुईसला कुणी आपणहून दिली नव्हती. करारात कलम होतं, त्यासाठी तो कोर्टात गेला. माइक टायसन 1990 मध्ये टोकियोत बस्टर डग्लसकडून पडला. त्याला डग्लसशी दुसरी लढत कधीच मिळाली नाही. डग्लस पुढच्याच लढतीत इव्हँडर होलिफिल्डकडून हरला, किताब तिकडे गेला, आणि टोकियोचा हिशेब तसाच राहिला.

माझं म्हणणं इथंच आहे. कुस्तीच्या आत नशीब असतं, पण थोडं. पुन्हा लढायला मिळतं की नाही, त्यात ते खूप असतं.

गामाचंच बघा. 1910 च्या सप्टेंबरात लंडनला झिबिस्को अडीच तासांहून जास्त वेळ पोटावर चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानं पुन्हा ठरली, तर झिबिस्को आलाच नाही. गामाला विजयी ठरवलं, पण पाठ लावल्याचं समाधान कुठलं? त्याला 1928 साल उजाडावं लागलं. पतियाळाच्या महाराजांनी आखाडा भरवला, दोघंही पन्नाशीला टेकलेले, आणि मिनिटाच्या आत निकाल.

पतियाळाच्याच राजघराण्यामुळे आपल्या खाशाबांचंही दैव उघडलं. 1952 च्या ऑलिंपिक निवडीत निरंजन दासविरुद्ध त्यांना एक गुण कमी दिला गेला. गोळेश्वरचा हा माणूस गप्प बसला नाही. महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि निरंजन दासला चीत केलं. पुढे प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार उभे केले, तेव्हा हेलसिंकी. तिथं जपानच्या इशीशी पंधरा मिनिटांहून जास्त झुंजून हरल्यावर लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो सांगायला जवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता. त्या कुस्तीची दाद कोण घेणार? कांस्यपदक घेऊन ते परत आले. त्याच ऑलिंपिकमध्ये आपले माणगावे एका गुणानं पदकाला मुकले, त्यांचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

परवा-परवापर्यंत हेच चाललंय. 2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षेला चीत दिलं. खांदे टेकले नव्हते, चित्रीकरण पुन्हा बघा, असा त्याचा आग्रह. तो ऐकला गेला नाही आणि त्यानं पंचावर पाय उचलला. तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उचलणं मला कधीही मान्य होणार नाही. पण चित्रीकरण तेव्हाच सगळ्यांसमोर लावलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं, असं पंच म्हणूनच मला वाटतं.

गावच्या आखाड्यात ना कलम, ना महाराज. हरलेला गडी लांग सोडता सोडता एवढंच म्हणतो, "अण्णा, पुढच्या उरुसाला हीच जोड लावा." जिंकलेल्याचा वस्ताद बहुतेक वेळा मान वळवतो, त्याच्या पोराची जिंकलेली कुस्ती कशाला पणाला लावायची? पोरगं वर्षभर मेहनत करतं, आणि उरुसात त्याच्यापुढं दुसराच कुणीतरी उभा केला जातो. म्हणून ज्या निकालावर दोन पंचांचं एकमत झालं नाही, ज्यात पाय ढेकळावर गेला, त्या जोडींची नावं मी वहीत लिहून ठेवतो. यात्रा कमिटीची बैठक बसली की इनामाचे आकडे ठरण्याआधी ती वही पुढे सरकवतो. काही जोडी लागतात, काहींना वस्ताद नाही म्हणतात. यंदा मी कमिटीला सांगितलंय की वहीतल्या जोडीचं इनाम आधी जाहीर करा, रक्कम वाढवा, आणि नाही म्हणणाऱ्या वस्तादाचं नाव भोंग्यावर पुकारा.