प्रस्तावना : होग्ला नाव कोण ठेवते?

हिब्रू नावांच्या अभ्यासाकडे वळणारा वाचक बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतो : या नावाचा अर्थ काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर बहुधा मिळतेही. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. एकाच काळातल्या, एकाच घरातल्या दोन नावांपैकी एक घरोघरी पोचते आणि दुसरे मागे राहते, याचा उलगडा शब्दकोश उघडून होत नाही. म्हणून या विषयाची ओळख मी एका दुर्मिळ नावाच्या आधाराने करून देतो. ते नाव आहे होग्ला.

बायबलच्या गणना या पुस्तकातल्या 27व्या अध्यायात ही होग्ला भेटते. मनश्शेच्या वंशातला सलाफहाद मुलगा न होताच वारला. मागे राहिल्या पाच मुली : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. या पाचजणी मोशे, याजक आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की, बापाला मुलगा नव्हता एवढ्यासाठी त्याचे नाव कुळातून का पुसले जावे? आम्हाला आमचा वाटा द्या. निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे लग्न आपल्याच वंशात करण्याची अट जोडली गेली, हे खरे. पण जमीन मिळाली आणि यहोशवाच्या पुस्तकात तशी नोंदही झाली.

नामाभ्यासकाला इथे वारसाहक्काहून वेगळी एक गोष्ट खुणावते. याच ग्रंथात लोटाची बायको, इयोबाची बायको, इफ्ताहाची मुलगी अशा कितीतरी स्त्रिया बिननावाच्या आहेत. या पाच बहिणींची नावे मात्र चार ठिकाणी, प्रत्येक वेळी पाचही, लिहिलेली आहेत. एके ठिकाणी त्यांचा क्रमही बदललेला आहे. इतकी काळजी उगाच कोणी घेत नाही. त्याचे एक कारण पुढे येईलच.

आधी या नावांचे आजचे नशीब पाहू. इस्रायलच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाकडून दरवर्षी लोकप्रिय नावांच्या याद्या निघतात. 2000 नंतरची बरीच वर्षे ज्यू मुलींच्या यादीत नोआ पहिल्या क्रमांकावर होते. तिरसा आणि मिल्का ही नावे माहीत आहेत, पण ती थोडी आजीच्या पिढीची वाटतात. महला हिब्रू कानाला आजारपणाच्या शब्दाजवळचे वाटते, त्यामुळे ते कोणी ठेवत नाही यात नवल नाही. उरली होग्ला. तिचा अर्थ चांगला, कथा मानाची, कुळ मोठे, तरीही वर्गात या नावाची मुलगी सापडणे कठीण. आज हा शब्द उच्चारला की माणसाला एक पक्षी आठवतो, हेफेर खोऱ्यातले याच नावाचे एक गाव आठवते, नाहीतर घरगुती वापराचा मऊ कागद बनवणारी कंपनी आठवते. त्या खोऱ्याला या बहिणींच्या आजोबांचे नाव आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात नसते.

पक्षी कोणता? आधुनिक हिब्रूत होग्ला म्हणजे चकोर. अरबीतला हजल हा शब्द याच कुळातला. पक्षिशास्त्र ज्या जातीला चकोर म्हणते, तीच ही जात. मराठी वाचक इथे क्षणभर थांबेल, कारण चकोर म्हटल्यावर आपल्याला ज्ञानेश्वरीतली चांदणे टिपणारी चकोराची पिल्ले आठवतात. महाराष्ट्राच्या रानात हा पक्षी नाही, तो हिमालयाकडचा. आपल्याकडे तो कवितेतूनच आला आणि कवितेतच राहिला. यहूदा आणि शोमरोनच्या डोंगरात मात्र तो रोजचा : खडकाळ उतारावर पळणारा, उडण्याचा कंटाळा असलेला, पहाटे चक-चक असा गलका करणारा, शिकाऱ्याला आवडणारा. तिथल्या होग्लाच्या वाट्याला आपल्या चकोराचे चांदणे कधी आलेच नाही.

प्राण्यापक्ष्यांची नावे माणसांना देण्याचा प्रघात त्या समाजात चांगलाच रुजलेला होता. राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, याएल म्हणजे रानबकरी, योना म्हणजे पारवा. योशीया राजाच्या काळात नियमशास्त्राचे पुस्तक सापडले, तेव्हा ते खरे की कसे हे विचारायला राजाने काही माणसे हुल्दा या संदेष्ट्रीकडे पाठवली. त्यांत अखबोर म्हणजे उंदीर होता आणि शाफान म्हणजे खडकांत राहणारा सशाएवढा प्राणी होता. खुद्द हुल्दा हे मुंगसासारख्या एका छोट्या शिकारी प्राण्याचे नाव. राज्याचे भवितव्य ठरवणारी ही बैठक होती आणि त्यात कुणाला हसू आल्याची नोंद नाही. हसणे पुढच्या काळातले. तालमूद या ज्यू ग्रंथाच्या मेगिल्ला या प्रकरणात नाखमान नावाच्या पंडिताने दबोरा आणि हुल्दा या दोघींना गर्विष्ठ ठरवून त्यांच्या नावांनाही नावे ठेवली आहेत. नाव तेच राहते आणि ऐकणाऱ्याचा कान बदलतो, याचा इतका उघड पुरावा क्वचित मिळतो.

एकोणिसाव्या शतकात विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांनी 1880 मध्ये असा तर्क मांडला की, ही नावे जुन्या प्राणिपूजेचे, कुलदैवत म्हणून प्राणी मानण्याचे अवशेष आहेत. तर्क आकर्षक होता, म्हणूनच धोकादायक होता. 1896 मध्ये जॉर्ज ब्यूकॅनन ग्रे यांनी हिब्रू विशेषनामांवर ग्रंथ लिहून कोणती नावे कोणत्या काळात येतात हे तपासायला सुरुवात केली, आणि 1928 मध्ये मार्टिन नोट यांनी शेजारच्या सेमिटिक भाषांतल्या नावांशी तुलना करून या अभ्यासाला शिस्त लावली. नवशिक्याने स्मिथ जरूर वाचावेत, पण ग्रे हाताशी ठेवून. आपल्याकडे धोंडू हे नाव दगडाच्या भक्तीपोटी ठेवत नाहीत, ही साधी गोष्ट लक्षात ठेवली तरी बऱ्याच चुका टळतात.

आता त्या राहिलेल्या कारणाकडे येऊ. 1910 मध्ये जॉर्ज राइसनर यांच्या नेतृत्वाखाली हार्वर्ड विद्यापीठाचे पथक शोमरोन या इस्रायलच्या प्राचीन राजधानीचे उत्खनन करत होते. राजवाड्याच्या आवारात त्यांना शाईने लिहिलेल्या खापऱ्या मिळाल्या. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला हा हिशेब आहे आणि तो अगदी रुक्ष आहे : राजाच्या कारकिर्दीचे अमुक वर्ष, माल कुठून आला, कोणाच्या नावे आला, जुन्या द्राक्षारसाचा एक घडा किंवा शुद्ध केलेले तेल. कारकुनाने हातात येईल ते खापर उचलावे, दोन-तीन ओळी खरडाव्यात आणि काम झाल्यावर फेकून द्यावे, असा हा ऐवज. माल जिथून आला त्या मुलखांच्या नावांत दोन ओळखीची नावे निघाली : नोआ आणि होग्ला.

म्हणजे मनश्शेच्या प्रदेशात या नावांचे मुलूख खरोखर होते आणि तिथून राजधानीला दारू पोचत होती. सलाफहादच्या मुलींची कथा ही या मुलखांच्या हक्काची कथाही असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते. कुळे आणि त्यांच्या जमिनी यांना बहिणींचे रूप मिळाले, असे धरले तर पाचही नावे पुन्हापुन्हा का सांगितली, ते कळते. तिरसा तर एके काळी इस्रायलच्या राज्याची राजधानीच होती. याच खापऱ्यांवरच्या व्यक्तिनामांत बाल या देवाचे नाव असलेली माणसे आहेत आणि याव्हे या देवाचे संक्षिप्त रूप असलेलीही आहेत. धर्मग्रंथ ज्या संघर्षाबद्दल गर्जून बोलतो, त्यातले दोन्ही पक्ष तेलाच्या हिशेबात शेजारी-शेजारी नांदताना दिसतात. या विद्येचे वेड लागते ते अशा जागी.

लोकप्रियतेचे गणित हा वेगळा प्रांत. ताल इलान यांनी प्राचीन ज्यू नावांचा कोश तयार केला. त्याचा पहिला खंड 2002 मध्ये आला. त्यांच्या मोजणीनुसार जेरुसलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या काळात पॅलेस्टाइनमधल्या नाव माहीत असलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या मिर्याम किंवा सलोमे यांपैकी एका नावाच्या होत्या. पुरुषांत शिमोन, यहूदा, योहानान, एलाजार आणि योनातान यांची गर्दी आहे. ही पाचही नावे बंड करून सत्तेवर आलेल्या हस्मोनी घराण्यातल्या भावांची. विसाव्या शतकात हिब्रू पुन्हा बोलली जाऊ लागली, तेव्हाही नावांची पसंती काळाप्रमाणे बदलली. परंपरेने टाळलेली निम्रोद, अनात अशी नावे नव्या पिढीने मुद्दाम उचलली. नोआ त्याच लाटेवर वर आले : ते लहान आहे, परदेशात उच्चारायला सोपे आहे. होग्लाचा सुरुवातीचा खरखरीत वर्ण आणि मधले जोडाक्षर त्या कसोटीला उतरले नाहीत, असे माझे मत आहे.

हा अभ्यास मराठीत का करायचा, याचे उत्तर कोकणात आहे. तिथल्या बेने इस्रायल या ज्यू समाजात शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी झाला. मुंबईतले पहिले सिनेगॉग 1796 मध्ये उभे करणारे सामाजी हसाजी दिवेकर कागदोपत्री सॅम्युएल इझिकिएल दिवेकर होते. एकाच माणसाच्या नावात हिब्रू ग्रंथ, मराठी जी आणि दिवे हे गाव एकत्र नांदतात. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी या समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत लिहिला, तो छापून आला 1937 मध्ये तेल अवीवला. केडगावला पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू शिकून घेतली होती, हेही विसरू नये.

रायगड जिल्ह्यातल्या दफनभूमींत हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही लिप्यांतले शिलालेख उघड्यावर उभे आहेत. ते वाचायला मराठी येणारा आणि हिब्रू अक्षरे ओळखणारा माणूस लागतो. हिब्रूची अक्षरे फक्त 22 आहेत. पुढचे पान उलटण्याआधी ती शिकून घ्या आणि पुढच्या खेपेला अलिबागकडे गेलात की वही सोबत न्या.