शुक्रवारची बातमी

शुक्रवार आहे. ३० जानेवारी १९४८. तुम्ही सोळा वर्षांचे आहात आणि मार्कंड्यासमोर वैनगंगेत पोटरीभर पाण्यात उभे आहात. पौषातली नदी. अर्ध्याहून जास्त पात्र वाळूनेच व्यापलेलं. त्या वाळूत ढिवरांनी डांगरवाड्या लावायला घेतल्यात. तुमचा काका खड्ड्याखड्ड्यात शेणखत टाकत पुढे सरकतो आणि तुम्ही मागून पाणी घालता. दक्षिणेकडे निघालेली ही नदी इथे वळण घेऊन उत्तरेला वाहते, आणि उत्तरवाहिनी म्हटलं की काशी आलीच. मागे काठावर देवळांचा तो सगळा पसारा, वाळूच्या दगडातल्या त्या असंख्य मूर्ती, ज्यांतल्या काही मूर्तींकडे तुम्ही आजी सोबत असताना पाहत नाही. मार्कंडेयाला सोळाव्या वर्षी मरण लिहिलेलं होतं आणि त्याने पिंडीला मिठी मारून यमाला परत पाठवलं, ही गोष्ट आजी दरवर्षी सांगते. यंदा जरा जास्तच वेळा सांगते आहे.

सूर्य बुडायला पाऊण तास आहे. दिल्लीत पाच वाजून सतरा मिनिटं झालीत. बिर्ला हाऊसच्या बागेत प्रार्थनेला निघालेल्या म्हाताऱ्यावर तीन गोळ्या झाडल्या गेल्यात.

तुम्ही पाणी घालताय.

सहाच्या सुमाराला आकाशवाणी बातमी देते. मारणारा हिंदू आहे हे मुद्दाम सांगितलं जातं, कारण उलट अफवा पसरली तर काय होईल ते पंजाबात आणि दिल्लीत नुकतंच दिसलेलं असतं. रात्री नेहरू बोलतात आणि उद्याचा दिवस सगळ्यांनी उपवासात, प्रार्थनेत घालवावा असं सांगतात. मुंबईत, पुण्यात, नागपुरात ज्यांच्या घरी रेडिओ आहे त्यांच्या दारात गर्दी होते. मार्कंड्यात रेडिओ नाही. पंचक्रोशीत असलाच तर एखाद्या मालगुजाराच्या वाड्यात, आणि वाड्यातल्या बैठकीत तुम्हाला कोण बसवणार?

त्या रात्री पलीकडच्या गावात दंडार आहे. धान चुरून झालंय, तणसाचे ढीग रचून झालेत, हातात दोन पैसे आहेत. झाडीपट्टीतली माणसं या दिवसांत रात्री घरी झोपत नाहीत. तुम्ही चार मित्र पायीच निघता. पौर्णिमेला चार दिवस झालेत, त्यामुळे चंद्र उशिरा येतो, तोपर्यंत पलित्यांचा उजेड. ढोलकी सुरू होते. विदूषक काहीतरी चावट बोलतो आणि तुम्ही पोट धरून हसता. सारा देश सुन्न झालेला असताना तुम्ही हसत होतात याची टोचणी तुम्हाला पुढे आयुष्यभर राहील. मला ती बिनबुडाची वाटते, पण कोणाच्या टोचणीला बूड शोधू नये.

शनिवारी देश उपाशी राहतो. दिल्लीत यमुनेकाठी चिता पेटते. तुम्ही उशिरा उठून भात आणि लाखोळीची भाजी खाता, दुपारी पुन्हा डांगरवाडीवर जाता.

बातमी मात्र निघालेली असते. नागपूरहून छोट्या रुळांच्या गाडीने ती नागभीडला येते, तिथे गाडी बदलून मूलला उतरते. मूलहून सावली, सावलीहून पुढे नदी ओलांडून गडचिरोली. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव आहे, त्याच्या पुढचं सगळं जंगल जमीनदाऱ्यांचं. गडचिरोलीहून चामोर्शी. आणि चामोर्शीहून मार्कंडा, बंडीने किंवा पायी. वाटेत बातमी प्रत्येक ठिकाणी थांबते, पाणी पिते, दोन माणसांना रडवते आणि पुढे निघते. तार कचेरीला आणि पोलिसांना आधी कळलेलं असतं, पण तारेतलं इंग्रजी गावात यायला माणूसच लागतो.

रविवारी सकाळी तो माणूस येतो. खादीचा सदरा, खांद्यावर सुताची पिशवी. सावलीच्या खादी केंद्राशी त्याचा काहीतरी संबंध आहे एवढंच तुम्हाला माहीत. सावली हे नाव इथे महत्त्वाचं आहे. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन तिथे भरलं होतं आणि गांधी स्वतः आले होते. तुम्ही चार वर्षांचे होतात. बाप नदी ओलांडून पाहायला गेला होता आणि परत आल्यावर एवढंच म्हणाला होता, की आपल्यापेक्षा वाळका आहे जी. म्हणून गांधी हा तुमच्या घरासाठी वर्तमानपत्रातला मोठा माणूस नाही. तो बापाने पाहिलेला वाळका माणूस आहे. शिवाय त्याचं सेवाग्राम चांद्याला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात. ऑगस्ट १९४६ मध्ये तो तिथून गेला तो परत आलाच नाही. आता येणार, आता येणार, असं त्या जानेवारीतही चाललेलं होतं.

खादीवाला पिंपळाच्या पारावर बसतो आणि पिशवी बाजूला ठेवतो. पाणी मागत नाही. तुमचा काका विचारतो, "का झालं जी?"

"गांधीबाबाले गोळी घातली."

"कोन्त्या गावी?"

"दिल्लीले. परवा."

'परवा' हा शब्द ऐकून काका मनातल्या मनात मागे जातो आणि तुमच्याकडे पाहतो. परवा तुम्ही दोघं वाळूत होता. परवा रात्री तुम्ही दंडारीला होता. दोन दिवस जे घडलेलं नव्हतं ते आता एकदम दोन दिवसांपूर्वीपासून घडलेलं होतं.

दुसरा प्रश्न देवळाच्या ओट्यावरून येतो: मारणारा कोण? खादीवाला नाव सांगतो, आणि तो पुण्याचा, वर्तमानपत्र चालवणारा, मराठी बोलणारा, हेही सांगतो. कोणीच काही बोलत नाही. ज्या भाषेत तुम्ही रडणार आहात त्याच भाषेत त्याने बेत रचला होता, हे सोळाव्या वर्षी कळायला वेळ लागतो. पुढच्या आठवड्यात आणखी बातम्या येतात. पुण्यात, साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं जळालीत, नागपुरातही दंगा झाला. एकाच्या पापासाठी शेजाऱ्याचं घर पेटवायचं, हे त्या म्हाताऱ्याने जन्मभर जे सांगितलं त्याच्या बरोबर उलट. महाराष्ट्राच्या आठवणीत गांधीहत्या म्हणजे दोन घटना आहेत, गोळी आणि आग. कोणाला कुठली आठवते यावरून तो कुठे उभा होता ते बऱ्याचदा कळतं.

काकाने त्या रविवारी चूल पेटू दिली नाही. देशाचा उपवास शनिवारी होऊन गेला होता, तुमच्या घराचा रविवारी झाला. १२ फेब्रुवारीला प्रयागला आणि देशातल्या कितीतरी नद्यांवर अस्थी सोडल्या गेल्या, तेव्हा काकाने डोकं भादरून वैनगंगेत बुडी मारली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

महिनाभराने, मार्चमध्ये, महाशिवरात्र येते आणि मार्कंड्याची जत्रा भरते. खालून तेलंगी मुलखातून, वरून ब्रह्मपुरीकडून, जंगलातून गोंड-माडिया बायामाणसं बंड्या घेऊन येतात आणि वाळूत राहुट्या पडतात. इथेच ती गोष्ट घडते जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेकोटीभोवती प्रत्येकजण सांगतो, ऐकलं तेव्हा मी कुठे होतो. कोणी मोहाखाली, कोणी बाजारात, कोणी बायको बाळंत होत असताना दाराबाहेर. तुम्हीही सांगता. पहिल्या रात्री दंडारीचं सांगता. लोक गप्प होतात. दुसऱ्या रात्री दंडार गाळता.

हे तुमचंच होतं असं नाही. एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये १७९ लोकांना विचारलं होतं, लिंकनच्या खुनाची बातमी ऐकली तेव्हा तुम्ही कुठे होता? खुनाला तीसेक वर्षं उलटली होती, तरी १२७ जणांनी जागा, वेळ, सांगणारा माणूस, सगळं तपशिलात सांगितलं. पुढे १९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटलं, तेव्हा अल्रिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं आणि अडीचेक वर्षांनी पुन्हा विचारलं. सुमारे पाव मुलांचं सगळंच चुकलं, आणि तरी आपली आठवण पक्की आहे याची त्यांना खात्री होती. त्यांचाच आधीचा कागद समोर ठेवला तरी आठवण बदलेना.

तुमचंही तसंच होणार आहे. पन्नाशीत तुम्ही नातवाला सांगाल की गांधीबाबा गेल्याचं मी नागपूर आकाशवाणीवर ऐकलं, गुरुजींच्या घरी, त्याच संध्याकाळी. नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ ला सुरू झाली. नातू काही तपासणार नाही. आणि खादीवाला, जो एवढ्या लांबून चालत आला, तो तुमच्या आठवणीतून गेलेला असेल. देशाबरोबर एकाच क्षणी रडल्याची हौस त्याला गिळून टाकते. मला त्या हौशीचा राग येत नाही, पण खादीवाल्याबद्दल वाईट वाटतं.

पुढची वर्षं भराभर जातात. १९६३ चा नोव्हेंबर: बावीसला केनेडी, ज्याच्याबद्दल 'तेव्हा तुम्ही कुठे होता' हा प्रश्न जगभर म्हणीसारखा झाला; आणि चोवीसला तुमचे कन्नमवार, चांद्याच्या गरिबीतून वर आलेले, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री, पदावर असतानाच गेले. तुम्हाला केनेडी आठवत नाही.

३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार. दिवाळी होऊन आठवडा झालाय, हलकं धान कापणीला आलंय, बांधावर ट्रान्झिस्टर आहे. गडचिरोली जिल्हा होऊन दोनच वर्षं झालीत. इंदिराबाईंना सकाळी गोळ्या घातल्या, आकाशवाणी संध्याकाळपर्यंत मृत्यू जाहीर करत नाही, पण बीबीसी दुपारीच सांगून मोकळी होते. बंगालच्या दौऱ्यावरचे राजीव गांधीही तोच रेडिओ ऐकत होते म्हणे. म्हणजे या खेपेला तुम्ही आणि पंतप्रधानांचा मुलगा एकाच अंतरावर होता. छत्तीस वर्षांत दोन दिवसांचे काही तास झाले.

आणि २६ नोव्हेंबर २००८, पुन्हा बुधवार. तुम्ही शहात्तर वर्षांचे, मुलाच्या घरी, टीव्हीपुढे. ताजमधून धूर निघतोय आणि तो तुम्हाला मुंबईकराइतकाच थेट दिसतोय. अंतर संपलं. तीन दिवस घरात कोणी वाहिनी बदलत नाही. १६६ माणसं. हे तुम्ही कधी विसरणार नाही, आणि या वेळी आठवण खरी असण्याचा बराच संभव आहे, कारण सगळ्यांची आठवण एकाच कॅमेऱ्यातून आलेली आहे.

आता खरा प्रश्न. सव्वादोन महिन्यांनी, १ फेब्रुवारी २००९, रविवार. धानोरा तालुक्यात मरकेगावजवळ नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात १५ पोलीस मारले जातात. २१ मे, गुरुवार, हत्तीगोटा: १६, त्यांत पाच महिला पोलीस. ८ ऑक्टोबर, पुन्हा गुरुवार, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस असताना भामरागड तालुक्यातल्या लाहेरीजवळ १७. एका वर्षात, एका जिल्ह्यात, तीन जागी अठ्ठेचाळीस पोलीस. त्याखेरीज खबऱ्या ठरवून रात्री घरातून ओढून नेलेले आदिवासी, आणि दोन्ही बंदुकांच्या मध्ये सापडलेली गावं.

या वेळी बातमी इथून निघते. मोबाइल आहेत, त्यामुळे मार्कंड्याला तासाभरात कळतं. कोणाचा भाचा भरती झालेला, कोणाच्या साळ्याची नेमणूक तिकडेच. पारावर माणसं जमतात आणि नावं यायची वाट पाहतात. दिल्ली-मुंबईतही बातमी पोचते, नाही असं नाही. खाली धावणाऱ्या पट्टीत येते, एक-दोन चर्चा होतात, वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापून येते. चौथ्या दिवशी ती कुठेच नसते.

१९४८ मध्ये दिल्लीची बातमी इथे दोन दिवस उशिरा आली, पण आली, आणि तुमच्या काकाने डोकं भादरलं. २००९ मध्ये इथली बातमी तिकडे त्याच दिवशी पोचली आणि कोणाच्या आठवणीत शिरली नाही. रूळ, तार, उपग्रह यांचा हा दोष नाही. कोणाचं मरण आपलं मानायचं हे देशाने ठरवलेलं असतं, आणि गडचिरोलीच्या मरणांबाबत ते नीट ठरवलेलंच नाही. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याला भूसुरुंगात १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेला. तेव्हा तुम्ही कुठे होता, सांगू शकाल?

सत्त्याहत्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्याच्या कातडीतून आता बाहेर या. तो तुम्हाला अडवणार नाही. पण पुढे कधी महाशिवरात्रीला मार्कंड्याला आलात, तर दर्शनाच्या रांगेजवळ बंदोबस्तावर उभ्या असलेल्या जरा वयस्क हवालदाराशी दोन शब्द बोला. २६ नोव्हेंबरला कुठे होता हे त्याला अनेकांनी विचारलेलं असेल. तुम्ही ८ ऑक्टोबर २००९ विचारा.