देवळालीचा ताप

इंग्लंडमध्ये आजही एखादा माणूस विचित्र वागायला लागला, की 'तो डूलाली झालाय' असं लोक सहज बोलून जातात. आपण नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव घेतोय, हे बोलणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं. डूलाली म्हणजे आपली देवळाली.

शिरूर-दौंडकडच्या माणसाला याचं नवल वाटू नये. गोऱ्यांच्या जिभेवर आमच्या गावांचीही नावं अशीच वळली होती. जुन्या लष्करी कागदांत शिरूरचं 'सिरूर' किंवा 'सेरूर' झालेलं दिसतं, तर रेल्वेच्या कागदांत दौंडचं 'धोंड'. ती नावं नकाशावरच राहिली. देवळालीचं नाव मात्र बोटीत बसून विलायतेला गेलं आणि तिथल्या रोजच्या बोलण्यात राहिलं. हे घडलं कसं, ते समजून घ्यायचं तर आधी घोडनदीवर थांबायला हवं.

१८०२च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाच्या मदतीला इंग्रजांची फौज आली आणि तिचा मोठा तळ शिरूरला, घोडनदीच्या काठी पडला. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला लढलेली तुकडी आदल्या रात्री इथूनच निघाली होती. पुढे 'पूना हॉर्स' या घोडदळाचं ठाणंही बरीच वर्षं शिरूरला होतं. छावणी काही नुसत्या शिपायांवर चालत नाही. मोतद्दार, भिस्ती, धोबी, खानसामे, गवताचे भारे विकणाऱ्या बाया, बाजारातले वाणी यांच्यावाचून तिचा एक दिवस निभत नाही. इंग्रज शिपायाला या सगळ्यांशी रोज बोलावं लागे, आणि त्यांना त्याच्याशी. व्याकरण दोघांनाही येत नव्हतं, त्यामुळे दोघंही कानावर विसंबले.

त्यातून आपल्याला 'पलटण' मिळाली. इंग्रजीतल्या 'बटालियन'चं हे रूप, त्यात थोडा 'प्लटून'चाही मिलाफ झाला असावा. आज घरात चार पोरं एकदम शिरली की आजी म्हणते, 'आली पलटण!' उलट, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा आपला 'शिलेदार' इंग्रजीत 'सिलादार' झाला, आणि हिंदुस्थानी घोडदळाची अख्खी पद्धत त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. ती पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. शिरूरच्या लोकांनी तर एका इंग्रज माणसालाच नवं नाव दिलं. १८०९ साली इथे वारलेल्या कर्नल वॉलेसला त्यांनी 'सत्पुरुष' ठरवलं आणि त्याच्या थडग्याला नव्या पिकाचा नैवेद्य दाखवला.

दौंडहून मनमाडला जाणारी लाइन १८७८ साली सुरू झाली. मनमाडला गाडी बदलून मुंबईची वाट धरली, की नाशिक रोडच्या पुढे देवळाली लागते. इथे ब्रिटिश सैन्याची वाटेवरची छावणी होती. विलायतेहून आलेले शिपाई आधी इथे येत, आणि नोकरीची मुदत भरलेले शिपाई घरी जाण्यासाठी बोटीची वाट बघत इथेच थांबत. शिपायांना नेणाऱ्या बोटी थंडीच्या हंगामातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर भरे, त्याला पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिथेच दिवस काढावे लागत. त्याला ना कवायत, ना लढाई. बाहेर रणरणतं ऊन, मग चार महिने पाऊस, सोबतीला दारू आणि मारामाऱ्या. घरी जायचं नक्की, पण जायचं कधी ते हातात नाही. माणसं बिथरत.

त्यावरून शिपायांच्या बोलीत 'डूलाली टॅप' आलं. यातला 'टॅप' म्हणजे ताप. इंग्रजी कोशकार तो फारसी-उर्दूतून आल्याचं सांगतात. छावणीत हिंदुस्थानी चालत असे, म्हणून ते बरोबरच आहे. पण मराठी माणसाला अर्थ कळायला कोश उघडावा लागत नाही. 'डोक्याला ताप' आपण रोज म्हणतो, आणि त्या गोऱ्या शिपायाला नेमकं तेच म्हणायचं होतं.

या शब्दामागे हिवतापाची भूल होती किंवा तिथलं वेड्यांचं इस्पितळ होतं, असंही सांगतात. मला फ्रँक रिचर्ड्सचं म्हणणं पटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात चाकरी केलेला हा साधा शिपाई. १९३६ सालच्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात त्याने या शब्दाचं मूळ छावणीतल्या कंटाळ्यात शोधलं आहे. ते आयुष्य जगलेल्या माणसाचा शब्द मला जास्त वजनाचा वाटतो.

पुढे 'टॅप' गळाला आणि नुसतं 'डूलाली' उरलं. त्याच जिभेवर तिला अशा दुसऱ्या शब्दांचीही सोबत होती. शिपाई मायदेशाला 'ब्लायटी' म्हणत, ते आपल्या 'विलायती'वरून. शिरूरच्या बांधावरची विलायती चिंच आणि इंग्रज शिपायाच्या तोंडची ब्लायटी एकाच घरातल्या. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली असे शब्द गोळा करून मोठा कोश काढला आणि त्याला 'हॉब्सन-जॉब्सन' हे नाव दिलं. मोहरममधला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांना जसा ऐकू आला, तसंच हे नाव आहे. चुकीचं ऐकलेलं त्यांनी लपवलं नाही, उलट कोशाच्या कपाळावर लावलं. 'डूलाली'ही इंग्रजी कोशांत मानाने बसली, आणि २००९ साली पुण्यातल्या एका छोट्या बिअरभट्टीचं नाव होऊन परतही आली.

आणि आपण काय करतो? दौंडच्या रेल्वे चाळीत 'गार्ड'चा 'गारड' होतो, 'सिग्नल'चा 'शिंगल', 'पॉइंट्समन'चा 'पाइंटमन'. शाळेत गेलेली नातवंडं आजोबांना त्यावरून हसतात आणि उच्चार सुधारून देतात. 'डूलाली' ज्या रीतीने जन्मली, त्याच रीतीने 'शिंगल' जन्मला. एकाला कोशात जागा आणि दुसऱ्याला हसू, हा न्याय मला मान्य नाही.

तुमच्या घरात रेल्वेतून किंवा पलटणीतून निवृत्त झालेलं कुणी असेल, तर त्यांच्या तोंडचे असे शब्द त्यांच्याच उच्चारात वहीत उतरवून घ्या. कोणत्या ठेसनावर, कोणत्या साली ऐकला, तेही शेजारी लिहा. आणि हे काम याच उन्हाळ्यात करा.