नवा डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलर घ्यायचाय? गिटारवादकांनी आधी काय तपासावं?

गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो साधारण होळीपर्यंत चालतो. अशा रात्रभराच्या कार्यक्रमात किंवा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची, तर जड अ‍ॅम्प गावोगाव नेणं कठीण. म्हणून नवा अ‍ॅम्प मॉडेलर आला की मोह होतोच.

हे यंत्र नेमकं काय करतं?
ट्यूब अ‍ॅम्प, स्पीकर कॅबिनेट आणि माइक मिळून आवाज कसा घडवतात, याचं गणित त्यातला प्रोसेसर करतो. १९९८ मध्ये आलेल्या ‘लाइन ६’च्या पॉडने हा प्रकार घराघरांत नेला. फेंडरचा टोन मास्टर प्रो २०२३ मध्ये आला.

काय तपासावं?
• लेटन्सी: तार छेडल्यावर आवाज किती उशिरा येतो? ३ मिलिसेकंद म्हणजे स्पीकरपासून सुमारे एक मीटर लांब उभं राहण्याइतकं.
• कॅबिनेट: थेट मिक्सरला जोडताना कॅबिनेटचा आभास सुरू हवा, नाहीतर डिस्टॉर्शन कर्कश वाटतं. गिटार अ‍ॅम्पला जोडताना तो सहसा बंद ठेवतात.
• वीज: लाइट गेली, तर यंत्र पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो?
• दुरुस्ती: भर हंगामात बिघडलं, तर कुठे पाठवायचं?

पैसे अडकवण्याआधी ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहता येतं. त्यासाठी संगणक आणि ऑडिओ इंटरफेस लागतो. हेडफोनवर आवडलेला टोन मंडपातल्या स्पीकरवर वेगळा ऐकू येतो. त्यामुळे निर्णय तिथे वाजवूनच घ्यावा.