रुळांचा सांधा

आगगाडीचा इतिहास निघाला म्हणजे इंजिनांचीं, पुलांचीं आणि बोगद्यांचीं वर्णनें होतात. ज्या सांध्यावर गाडी एक मार्ग सोडून दुसरा धरते, त्याची आठवण मात्र तो बिघडला म्हणजेच होते. आज त्या सांध्याविषयींच चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्यास सांधा नवा नाहीं. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग १८८० ते १८८२ या काळांत नागपुराहून राजनांदगांवापर्यंत पोंचला. पुढें १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो आपल्याकडे घेतला, रुंद केला आणि पूर्वेकडे वाढविला. वरठीचें भंडारा रोड आणि देव्हाडीचें तुमसर रोड हीं स्टेशनें याच मार्गावरचीं. तुमसर रोडहून तिरोडीकडे फांटा फुटला. चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज त्यावरून मुख्य मार्गास येऊं लागलें. आणि फांटा म्हटला कीं सांधा आलाच.

सांध्याची रचना दिसावयास साधी आहे. टोंकाशीं निमुळते केलेले दोन रूळ एकत्र सरकतात. एक रूळ एका बाजूच्या मूळ रुळास चिकटला कीं दुसरा त्याच्या बाजूस सुटा राहतो. चिकटलेल्या टोंकाशीं अवघी पांच मिलिमीटर फट राहिली तरी सांध्यास कुलूप बसूं नये, असा आपल्या रेल्वेचा दंडक आहे. खडीचा एक लहानसा तुकडा मध्यें अडकला, तरी सांधा तेथेंच अडतो. कुलूप नाहीं म्हणून सिग्नल नाहीं, सिग्नल नाहीं म्हणून गाडी नाहीं. आणि एक गाडी अडली कीं त्या सांध्यास जोडलेल्या प्रत्येक मार्गावर मागल्या गाड्यांची रांग लागते. मुंबईच्या लोकलचा प्रवासी हें नित्य अनुभवतो. न्यूयॉर्कसारख्या शहरांत भुयारी रेल्वेच्या निरनिराळ्या सेवा कित्येक ठिकाणीं तेच रूळ वापरतात. तेथें एका सांध्याचा आजार दूरच्या उपनगरापर्यंत पोंचतो.

आरंभीं हा सारा भार सांधेवाल्याच्या हातावर होता. सिग्नल एकानें द्यावा, सांधा दुसऱ्यानें फिरवावा. दोघांचा मेळ न बसला तर अपघात ठरलेला. १८५६ सालीं इंग्लंडांत जॉन सॅक्सबी यानें सांधा व सिग्नल एकमेकांस जखडणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. सांधा योग्य बाजूस बसल्यावांचून सिग्नल उतरावयाचाच नाहीं, ही त्यांतील मुख्य कल्पना. हीच इंटरलॉकिंगची पद्धत. माणसानें चूक करूं नये असा उपदेश करण्याऐवजीं, चूक करूं म्हटलें तरी ती करतां येऊं नये, अशी व्यवस्था तिनें केली.

मी शिक्षक असतांना आमच्या भागांतील एका लहान स्टेशनावर गाडी तासभर खोळंबली होती. शाळा बुडणार म्हणून मीं तेथील वृद्ध सांधेवाल्यास चार शब्द सुनावले. तो हातांतला कंदील खालीं ठेवून म्हणाला, "गुर्जी, गाडी थांबली तं शिव्या खाव्या लागतेत, चुकली तं माणसं जातेत." मी निरुत्तर झालों. त्या वाक्याचा पुरा अर्थ मात्र मला फार उशिरां कळला.

१७ जून २०१५ रोजीं इटारसी जंक्शनच्या सिग्नल केबिनीस आग लागली. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन महामार्ग तेथें मिळतात. नागपुराहून भोपाळ-दिल्लीकडे जाणारी वाटही तीच. सांधे चालविणारी यंत्रणाच जळाल्यामुळें ते हातानें फिरवून, पकडी व कुलपें लावून एकेक गाडी सोडावी लागली. शेंकडों गाड्या रद्द झाल्या आणि आपल्या विदर्भांतील प्रवाशांचेही हाल झाले. नवी यंत्रणा २२ जुलै रोजीं सुरू झाली. पांच आठवडे हा त्रास सोसावा लागला. परंतु तो खोळंब्याचा त्रास होता.

दुसरी घटना २ जून २०२३ ची, ओडिशांतील बालेश्वर जिल्ह्यांतल्या बहानगा बाजार स्टेशनाची. आपल्या भंडाऱ्यावरून जाणारा मार्ग ज्या बंगाल-नागपूर रेल्वेचा होता, तिच्याच जुन्या मार्गांपैकीं एकावर हें स्टेशन आहे. तेथें गाडी खोळंबली नाहीं. कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला आणि सांधा मात्र बाजूच्या लूप मार्गाकडे वळलेला होता. भरधांव गाडी तेथें उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. तिचे घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या बंगळूर-हावडा गाडीवर पडले. २९० हून अधिक जीव गेले. सिग्नलच्या विजेच्या जोडण्यांत केलेल्या फेरबदलांतील चुका हें कारण चौकशींत निघालें. सॅक्सबीच्या काळापासून जें जखडून ठेविलें होतें, तें तारांच्या एका चुकीच्या जोडणीनें सुटलें.

इटारसीस सांधे निकामी झाले आणि गाड्या थांबल्या. बहानग्यास सिग्नल खोटें बोलला आणि गाडी थांबली नाहीं. पहिलींत वेळ गेला, दुसरींत माणसें गेलीं. गाडी वेळेवर धांवावी ही मागणी रास्तच आहे, आणि सांध्यांची निगा नीट राखली तर खोळंबेही कमी होतील. परंतु दुरुस्तीच्या घाईंत कुलपास वळसा घालून गाडी पुढें काढण्याचा मोह ज्या दिवशीं कोणास होईल, त्या दिवशीं त्यास आवरणारा अधिकारी हवा, आणि त्या अधिकाऱ्यास शिव्या न देणारे प्रवासीही हवेत.

तेव्हां, श्रोतेहो, पुढील खेपेस तुमसर रोडाच्या अलीकडे गाडी अकारण थांबल्यासारखी वाटली, तर घड्याळाकडे पाहण्यापूर्वीं क्षणभर त्या म्हाताऱ्या सांधेवाल्याचे शब्द आठवावे. तेवढ्या वेळांत कोठें तरी कोणी वांकून पांच मिलिमीटरची फट तपाशीत असेल.